अ‍ॅझ्टरॅक (१९८३) मेममध्ये चालतो, पण रेषा दोऱ्यासारख्या दिसतात आणि तोफ हाताशी येत नाही

रेघोटी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली. आधी बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईची पेनं, मग पेन-प्लॉटर, शेवटी संगणकाचा पडदा. त्यामुळे व्हेक्टर आर्केड खेळ पहिल्यांदा चालताना पाहिला तेव्हा मला तो प्लॉटरच वाटला. पेन उचल, तिकडे ने, टेकव, रेघ ओढ, पुन्हा उचल. कागदाच्या जागी काच आणि पेनाच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत. इथली शाई वाळत नाही, विझते, म्हणून अख्खं चित्र सेकंदाला कितीतरी वेळा पहिल्यापासून काढायचं. ज्याने हे पहिल्यांदा करून दाखवलं त्याच्या हाताला माझा नमस्कार.

गेले दोन महिने मी अ‍ॅझ्टरॅकच्या मागे आहे. फारसा कुणाला माहीत नसतो म्हणून थोडक्यात सांगते. फ्लोरिडातल्या सेंच्युरी कंपनीने तो १९८३ साली काढला, रचना टिम स्ट्रायकर यांची. रंगीत व्हेक्टर खेळ आहे. तुमचं यान रणगाड्यासारखं असतं आणि त्यावरची तोफ यानापासून स्वतंत्र फिरते. म्हणजे पळायचं एकीकडे आणि गोळी झाडायची दुसरीकडे. अंतराळातले आपले तळ राखायचे, चहूबाजूंनी झुंडी येतात. यंत्रं सुमारे ५०० निघाली असं सांगतात. खरं कॅबिनेट मी पाहिलेलं नाही, मेमवरच (जुन्या आर्केड यंत्रांची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम) खेळते आहे.

आता अडचणी. पहिली म्हणजे रेषा. सगळ्या एकाच जाडीच्या, फिकट, आणि तिरकी रेघ असली की पायऱ्या दिसतात. ०.१८ मिमीच्या पेनाने काढल्यासारखं वाटतं, तेही शाई संपत आलेल्या. जवळच्या वस्तूची आणि लांबच्या वस्तूची रेघ सारखीच. कुठल्याही ड्रॉइंगमध्ये असं चालत नाही. मूळ यंत्रावर हे असंच होतं का?

दुसरी अडचण तोफेची. कळफलकावरच्या बाणांनी फिरवते तर हव्या तिथे थांबतच नाही, पुढे निघून जाते. मुलाच्या गेमपॅडचा उजवा दांडा लावून पाहिला. तो सोडला की तोफ थांबते खरी, पण मला डावीकडे वर नेम हवा असतो आणि तोफ अजून अर्ध्या रस्त्यात असते. तोवर तळ गेलेला.

शिवाय यान वळताना चित्र किंचित अडखळतं. संगणक नवा आहे, त्याला हा खेळ जड जाईल हे मला पटत नाही. पडदा साधा आहे, १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झचा.

मला हा खेळ नुसता चालायला नको आहे. त्या रेषा जशा होत्या तशा बघायच्या आहेत.

नळीवाला

रेघोटीताई, प्लॉटरची उपमा अगदी बरोबर आहे. ती धरूनच सांगतो.

मी एक्स-वाय मॉनिटर, म्हणजे व्हेक्टर खेळांचे पडदे, दुरुस्त करतो. रंगीत आणि एकरंगी, दोन्ही बरेच उघडून बसलोय. टीव्हीत झोत ठरलेल्या वाटेने जातो, ओळीमागून ओळ, आणि चित्र त्या ओळींत बसवावं लागतं. एक्स-वाय मॉनिटरमध्ये वाट खेळच ठरवतो. एक व्होल्टेज आडवं, एक उभं, आणि तिसरं झोताच्या जोराचं. तुमच्या प्लॉटरला पेन वर किंवा खाली एवढंच कळायचं. इथे पेन किती दाबून धरायचं हेही सांगता येतं. तुम्ही विचारताय ती जाडी इथूनच येते. झोताचा जोर वाढला की फॉस्फरवरचा (काचेच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावरचा) ठिपका उजळतो आणि पसरतोही. म्हणून उजळ रेघ जाड दिसते आणि मंद रेघ बारीक. ठरवून काढलेली जाडी ती नव्हे, उजेडाबरोबर आलेली.

आणखी एक गोष्ट तुमच्या लगेच ध्यानात येईल. प्लॉटरचं पेन कोपऱ्यावर क्षणभर थांबलं की शाईचा थेंब साचायचा ना? इथेही तेच. झोत वळताना रेंगाळला की तेवढी जागा जास्त तापते, आणि आकृत्यांच्या टोकांना तेजस्वी ठिपके दिसतात. नीट जुळवलेल्या मॉनिटरवर ते फार सुरेख वाटतात. जुळवणी बिघडली तर कोपरे उघडे राहतात नाहीतर रेषा एकमेकींना ओलांडतात.

पण रंगीत नळीची गोष्ट वेगळी. काचेच्या मागे भोकं पाडलेला पत्रा असतो, शॅडो मास्क, आणि लाल-हिरव्या-निळ्या फॉस्फरचे ठिपके असतात. त्यामुळे रंगीत व्हेक्टरची रेघ अ‍ॅस्टेरॉइड्ससारख्या एकरंगी यंत्राइतकी सुईसारखी कधीच नव्हती. जवळून पाहिलं तर ती बारीक रंगीत मण्यांची माळ दिसते. अ‍ॅझ्टरॅकवर अ‍ॅस्टेरॉइड्सची धार शोधू नका, ती तिथे नव्हती.

आता पायऱ्या. त्या खऱ्या यंत्रावर नव्हत्या. अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये रेषेची टोकं १०२४ पायऱ्यांच्या जाळीवर बसवलेली असतात, पण दोन टोकांच्या मधली रेघ झोत सलग ओढतो. तुम्हाला दिसतात त्या पायऱ्या तुमच्या पडद्याच्या चौकोनी ठिपक्यांच्या आहेत. मेमकडे रेषेची टोकं शिल्लक असतात, त्यामुळे ४के पडद्यावर तोच खेळ आपोआप गुळगुळीत होतो. रास्टर, म्हणजे ठिपक्यांनी चित्र काढणाऱ्या, खेळाला हे भाग्य नाही, त्याचे ठिपके मोठे केले तरी ठिपकेच राहतात.

एक विनंती. मेममध्ये फ्लिकर नावाची सोय आहे, तिला हात लावू नका. बरेच जण ती लावतात आणि ‘अस्सल वाटतंय’ म्हणतात. ती जुळवणी बिघडलेल्या मॉनिटरची नक्कल आहे. माझ्याकडे असा मॉनिटर आला तर मी तो दुरुस्त करूनच परत देतो.

दुहेरीदांडा

तोफेचं मी सांगतो. रोबोट्रॉन, टेम्पेस्ट, अ‍ॅझ्टरॅक, दोन्ही हातांना वेगवेगळं काम देणारे सगळे खेळ माझ्या जिव्हाळ्याचे.

अ‍ॅझ्टरॅकमध्ये यान चालवायला जॉयस्टिक आणि तोफ फिरवायला डायल आहे. डायल म्हणजे न अडणारी गोल मूठ, टेम्पेस्टमध्ये असते तशी. तिला सुरुवात नाही आणि शेवट नाही. यंत्र फक्त एवढंच मोजतं की ती मागच्या वेळेपासून किती फिरली. तुमच्या गेमपॅडचा दांडा मात्र ‘कुठे आहे’ ते सांगतो, आणि मेम त्याचा अर्थ ‘किती वेगाने फिरव’ असा लावतं. म्हणून तोफ अर्ध्या रस्त्यात सापडते. दोष तुमच्या हाताचा नाही. डायलचं काम दांड्याला दिलंय, ते त्याला जमणारं नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे माउस. माउसही ‘किती सरकला’ एवढंच सांगतो, म्हणजे तो डायलचा सख्खा भाऊ. मेममध्ये तो मुळात बंद असतो, मेम.आयएनआय या फाइलमध्ये माउस असं लिहिलेल्या ओळीपुढे ० च्या जागी १ करा. मग खेळ चालू असताना टॅब दाबा, अ‍ॅनालॉग इनपुटचं पान उघडा आणि डायलची सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करून बघा. माझी पद्धत अशी: हात न उचलता माउस एका सरळ ओढीत जेवढा सहज सरकतो, तेवढ्यात तोफ एक पूर्ण फेरी मारेल इतकी ठेवतो. त्याहून जास्त ठेवली तर नेम थरथरतो.

कळफलकच वापरायचा असेल तर त्याच पानावर इन्क्रिमेंटचा वेग कमी करा. बाण दाबून धरल्यावर तोफ पुढे निघून जाते ती या आकड्यामुळे. पण हा नाइलाजाचा मार्ग आहे.

मन खरंच रमलं तर स्पिनर घ्या. मूठ, जड चकती, आणि फिरणं मोजणारा ऑप्टिकल एन्कोडर. यूएसबीला लावला की बहुतेक संगणकाला तो माउसच वाटतो. चकती जड असेल तर झटका देऊन सोडता येतं आणि तोफ स्वतःच घरंगळत फिरते. पाठीमागून झुंड आली की त्या एका झटक्यासाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे.

आणि जॉयस्टिक. हीसुद्धा अ‍ॅनालॉग आहे, नुसती आठ दिशांची नाही. दांडा थोडा कलवला तर यान हळू जातं. कळफलकावर हे कळणारच नाही. म्हणून डाव्या हाताला गेमपॅडचा डावा दांडा राहू द्या, उजव्या हाताला माउस. विचित्र दिसतं, पण दोन संध्याकाळींत हात बसतो.

रेघोटी

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. दोन्ही उत्तरं छापून टेबलावर ठेवली आहेत.

माउस लावला आणि खेळच बदलला. आधी मी तोफेच्या मागे धावत होते, आता तोफ माझ्या मनगटात आली. काल पहिल्यांदा यान मागे घेत घेत पुढे गोळ्या झाडल्या. टी-स्क्वेअर डाव्या हाताने धरून उजव्याने रेघ ओढायची इतक्या वर्षांची सवय, तीच कामी आली असं मला वाटतं. दोन हात दोन कामं करतात आणि डोळा तिसरीकडेच असतो.

नळीवाला, कोपऱ्यातल्या थेंबाचं वाचून मी खरंच खुर्चीतून उठले. आमच्या प्लॉटरवर तो थेंब टाळायला पेनाचा वेग, कागदाची जात, शाईचा पातळपणा सगळं जुळवावं लागे. तुमच्याकडे तोच थेंब सौंदर्य ठरतो, हे ऐकून फार छान वाटलं.

पण रेषांच्या जाडीचं अजून जमलेलं नाही. कुठल्या आकड्याला हात लावायचा ते कुणी सांगाल का? आणि ते अडखळणंही तसंच आहे.

चाळीस_हर्ट्झ

दोन्हीचं सांगतो. अडखळण्याचं आधी, कारण माझं नाव त्यावरूनच आहे.

मेममध्ये अ‍ॅझ्टरॅकचा पडदा सेकंदाला ४० वेळा नवा होतो. सेगाचे रंगीत व्हेक्टर खेळही तिथे ४० वरच आहेत. तुमचा पडदा ६० वेळा नवा होतो. ४० चित्रं ६० खणांत भरायची तर एक चित्र एकदा दिसणार, पुढचं दोनदा, मग पुन्हा एकदा. डोळ्याला ही लंगडी चाल लगेच कळते, विशेषतः यान हळू वळत असताना. संगणक कितीही वेगवान आणला तरी हे जाणार नाही. १२० हर्ट्झचा पडदा असेल तर प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दिसतं आणि चाल सरळ होते. कुणाकडे तसा पडदा असेल तर एक संध्याकाळ मागून आणा, फरक सांगावा लागणार नाही.

आता जाडी. मेम व्हेक्टर खेळांसाठी व्हेक्टर.आयएनआय नावाची वेगळी फाइल वाचतं. ती नसेल तर तयार करा, म्हणजे तुमचे आकडे बाकीच्या खेळांत लुडबुड करणार नाहीत. तिच्यात चार गोष्टी बघा. बीमची (झोताची) किमान जाडी आणि कमाल जाडी मुळात सारख्याच असतात, म्हणूनच तुम्हाला सगळ्या रेषा एका पेनाच्या दिसतात. कमाल वाढवा, लगेच उजळ रेषा जाड होतील. तिसरा आकडा इंटेन्सिटी वेट. उजेडाबरोबर जाडी कशी चढायची ते तो ठरवतो: शून्यावर सरळ प्रमाणात, धन केला तर उशिरा चढते, ऋण केला तर लवकर. चौथा डॉट साइझ. तो फक्त एकट्या ठिपक्यांसाठी आहे. अ‍ॅस्टेरॉइड्समधल्या गोळ्या पडद्यावर हरवतात अशी तक्रार नेहमी येते, त्यावर हाच उपाय.

फाइल न उघडताही टॅबखालच्या स्लायडरच्या पानावर हे सगळं खेळ चालू असतानाच सरकवून बघता येतं. आधी तिथे जुळवा, मग फाइलमध्ये उतरवा.

१०८० च्या पडद्यावर मी किमान १ आणि कमाल २.५ च्या आसपास ठेवायचो. वर बीजीएफएक्सच्या (मेमची चित्र दाखवण्याची एक पद्धत) एचएलएसएल नावाच्या परिणामांच्या साखळीतली थोडी झळाळी लावली की काळा रंग जिवंत होतो. आणि जमल्यास ओलेड पडदा, ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. व्हेक्टर खेळात पडद्याचा बहुतेक भाग काळाच असतो, आणि मागून दिवा लावलेल्या पडद्यावर तो काळा कधीच काळा होत नाही.

नळीवाला

सगळं पटलं, फक्त झळाळीबद्दल थोडं भांडतो. लोक ती इतकी लावतात की रेघ धुक्यात बुडते. खऱ्या नळीभोवती उजेड असतो, पण तो काचेत पसरलेला, अगदी मंद, आणि अंधाऱ्या खोलीतच दिसतो. रेघेचा गाभा मात्र डोळ्याला टोचेल इतका प्रखर असतो. साधा पडदा तेवढा प्रखर होत नाही म्हणून लोक ती कसर पसरटपणाने भरून काढतात. एचडीआर पडद्यावर (जास्त प्रखर होऊ शकणाऱ्या) ती खरोखर उजेडाने भरून काढता येते. ताई, तुमच्या पडद्यावर झळाळी अगदी पुसट ठेवा.

झोत किती प्रखर असतो याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. वळवणारं सर्किट बंद पडून झोत एकाच जागी थांबला तर त्या जागेचा फॉस्फर जळतो, कायमचा डाग पडतो. म्हणून या मॉनिटरांत स्पॉट किलर नावाचं सर्किट असतं. हालचाल थांबली की ते झोतच मारून टाकतं. दुरुस्तीला आलेल्या मॉनिटरवर मी आधी त्याचा दिवा बघतो.

आणखी एक, अजून कुणी बोललं नाही म्हणून. अ‍ॅझ्टरॅकच्या काचेसमोर एक मोठं फुगीर भिंग बसवलेलं असतं. मी ते कॅबिनेट एकदाच पाहिलंय, एका प्रदर्शनात, रांगेत उभं राहून. सपाट रेषा त्या भिंगातून पोटाशी फुगलेल्या दिसतात आणि डोकं हलवलं की चित्र सरकतं. यानाच्या गोल खिडकीतून बाहेर बघतोय असं वाटतं. शेडर (चित्रावर परिणाम करणारा छोटा प्रोग्राम) वापरून पडद्याला बाक देता येतो, पण डोकं हलवल्यावर तो हलत नाही. ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी झेड८० आणि चार एवाय-३-८९१० चिपा, हे सगळं मेम इमानाने चालवतं. भिंग मात्र रॉममध्ये, म्हणजे खेळाच्या प्रोग्रामच्या चिपांत, नाही.

दुहेरीदांडा

हे भिंगाचं मला माहीत नव्हतं. सेंच्युरीचं नाव घेतलं की फिनिक्स, टाइम पायलट, गायरस आठवतात, आणि ते सगळे दुसऱ्यांचे खेळ, त्यांनी अमेरिकेत परवान्यावर विकलेले. अ‍ॅझ्टरॅक मात्र त्यांच्या घरचा. तो विकला गेला नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं. स्ट्रायकरांनी पुढे गॅलॅक्टिकॉम कंपनी काढून मेजर बीबीएस हे फोनवरून जोडायच्या संदेशफळ्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं, मोडेमच्या काळात कितीतरी लोक त्यावर भेटले, बोलले. ते १९९६ साली गेले. खेळ मात्र मेममध्ये राहिला, म्हणून आज आपण त्याच्या रेघेच्या जाडीवरून भांडू शकतोय.

रेघोटी

उशिरा लिहिते आहे, पण आधी करून बघायचं होतं.

स्लायडरवर बसून जाडी जुळवली. किमान १, कमाल २.३, वेट थोडं धनाकडे. ते का, तर ऋणाकडे नेल्यावर मधल्या उजेडाच्या रेषाही जाड होतात आणि सगळं पुन्हा एका पेनाचं वाटायला लागतं. धनाकडे नेल्यावर फक्त सर्वांत प्रखर रेषा फुगतात. ड्रॉइंगमध्येही बाह्यरेषेचं जाड पेन आम्ही असंच जपून वापरायचो. झळाळी नळीवालांनी सांगितली तशी पुसट ठेवली आहे. दिवे घालवले की दिसते, लावले की नाहीशी होते.

मुलाने त्याचा १२० हर्ट्झचा पडदा दोन दिवस दिला. अडखळणं गेलं. आता तो परत कसा द्यायचा या विवंचनेत आहे.

आणि भिंग. माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डाला लावायचं एक गोल भिंग माळ्यावर होतं, लांब लोखंडी हात असलेलं, बारीक मापं तपासायला वापरायचे ते. टेबलाच्या कडेला कसलं, पडद्यापासून एक वीत पुढे आणलं आणि खोलीत अंधार केला. पडदा मोठा आणि भिंग लहान, म्हणून खेळाची खिडकी छोटी करून बरोबर भिंगाच्या आत बसवली. मधल्या रेषा जवळ आल्या, कडेच्या वाकून मागे गेल्या. तळ कडेला असताना ताणलेले दिसतात, यान त्यांच्याकडे जाऊ लागलं की ते सरळ होत मधे येतात. मी खुर्चीत डावीकडे कलले तर सगळं आकाशच माझ्याबरोबर सरकलं.

मूळ भिंग असं नसणार हे मला माहीत आहे. माझं ओरखडे पडलेलं आहे आणि एका कडेला शाईचा डाग आहे. तरी काल रात्री पाठीमागून झुंड आली, मी माउस झटक्यात फिरवला, आणि तोफेची रेघ भिंगाच्या फुगवट्यावरून वळत गेली. नळीवाला, तुम्ही त्या प्रदर्शनात उभे होतात तेव्हा कडेच्या रेषांना रंगाची किनार दिसत होती का? माझ्या भिंगात पांढऱ्या रेघेची बाहेरची बाजू निळी होते आणि आतली तांबूस.

नळीवाला

हो, कडेला होती. सगळे रंग साध्या भिंगात सारखे वळत नाहीत, तुमच्या भिंगातही तेच चाललंय. तो डाग तेवढा पुसून घ्या, बाकी काही बदलू नका.